मदुरेचा तर्कपंडित

मदुरा म्हटले की मीनाक्षीच्या देवळाची गोपुरे डोळ्यांपुढे उभी राहतात. त्या नगरीत २७ जून १८०६ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेतील एका अधिकाऱ्याच्या घरी एक मूल जन्मास आले. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्याचा उजवा डोळा कायमचा गेला. मूल सात महिन्यांचे असताना कुटुंबाने विलायतेस प्रयाण केले, आणि पुन्हा या देशाचे दर्शन त्याला कधीच घडले नाही. तरीही पुढे मोठेपणी तो गमतीने म्हणे की, मी इंग्रज नाही, स्कॉच नाही, आयरिश नाही आणि वेल्शही नाही. मी कोणत्याही शाखेशी न जोडलेला एक ब्रिटन आहे. हा गृहस्थ म्हणजे ऑगस्टस डी मॉर्गन. आज शाळा-महाविद्यालयांत संच किंवा संगणकाची मंडले शिकणारा प्रत्येक विद्यार्थी 'डी मॉर्गनचे नियम' पाठ करतो. परंतु ज्याच्या नावाने ते नियम ओळखले जातात त्याचे चरित्र सहसा कोणास ठाऊक नसते. गणिती म्हणून तो मोठा होताच. पण प्राध्यापकाच्या खुर्चीचा मान कशात असतो, याविषयी त्याने आपल्या आचरणाने जे दाखविले तेही तितकेच मोलाचे आहे, आणि आज मुख्यतः त्याविषयीच श्रोत्यांशी बोलावयाचे आहे.

गणित त्याच्या आजोळी होते. आईचे आजोबा जेम्स डॉडसन यांनी १७४२ साली प्रतिलॉगरिदमांची कोष्टके प्रसिद्ध केली होती. वडील हिंदुस्थान व विलायत यांच्यामध्ये ये-जा करीत आणि अशाच एका प्रवासात १८१६ साली, सेंट हेलेना बेटाच्या आसपास, समुद्रावरच वारले. एका डोळ्याच्या या मुलाला मैदानावर खेळता येत नसे. सोबती त्याची थट्टा करीत. १८२३ साली वयाच्या सोळाव्या वर्षी तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. तेथे पीकॉक, व्ह्यूएल, एअरी अशी नामांकित मंडळी त्याला गुरू म्हणून लाभली. बासरी तो उत्तम वाजवी, आणि नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेली पुस्तके अधिक वाची. १८२७ च्या गणिताच्या परीक्षेत त्याचा क्रमांक चौथा आला. त्याहून वरचा येईल अशी अपेक्षा होती. पण परीक्षेसाठी अभ्यास करणे आणि विषयासाठी अभ्यास करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याचे मत तेव्हापासूनचे. स्पर्धापरीक्षांवर त्याचा राग जन्मभर टिकला. त्याच परीक्षांच्या दारातून सरकारी सेवेत आलेल्या माझ्यासारख्याला हे मत सर्वस्वी मान्य करणे कठीण आहे. परंतु त्यात तथ्य नाही असे मात्र म्हणवत नाही.

केंब्रिजमध्ये पुढची वाट सरळ होती. एम. ए. व्हावयाचे, फेलो व्हावयाचे, आणि विद्यापीठातच जन्म काढावयाचा. पण एम. ए. च्या पदवीसाठी आणि फेलोच्या जागेसाठी इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चची मते आपणांस मान्य आहेत, अशी सही त्या काळी करावी लागे. पुष्कळ लोक ती सही विशेष विचार न करता करीत असत, जसे आपण एखाद्या छापील अर्जाखाली करतो. डी मॉर्गनने ती केली नाही. तो नास्तिक नव्हता. ईश्वरावर त्याची श्रद्धा होती. परंतु ती श्रद्धा कोणत्या साच्यात बसते हे सांगण्याची सक्ती त्याला मान्य नव्हती. त्यामुळे केंब्रिजचे दार त्याला बंद झाले आणि तो लंडनला येऊन वकिलीचा अभ्यास करू लागला.

सुदैवाने त्याच सुमारास लंडनमध्ये एक नवा प्रयोग सुरू झाला होता. ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही ठिकाणी धर्ममताची अट असल्यामुळे ज्यू, कॅथॉलिक आणि निरनिराळ्या स्वतंत्र पंथांचे लोक उच्च शिक्षणास मुकत असत. अशांसाठी, किंबहुना सर्वांसाठीच, कोणाचाही धर्म न विचारता शिकविणारी संस्था ब्रूम, कॅम्बेल आदी उदारमतवादी मंडळींनी १८२६ साली स्थापन केली. तिचेच पुढे 'युनिव्हर्सिटी कॉलेज' झाले. गणिताच्या प्राध्यापकाच्या जागेसाठी तिसांहून अधिक अर्ज आले. फेब्रुवारी १८२८ मध्ये निवड झाली ती त्यांतील वयाने सर्वांत लहान उमेदवाराची. डी मॉर्गन तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता, आणि त्याच्या नावावर एकही ग्रंथ नव्हता!

तीन वर्षांतच त्याने पहिला राजीनामा दिला. प्रकरण गणिताचे नव्हते आणि त्याचे स्वतःचेही नव्हते. शरीरशास्त्राचा प्राध्यापक पॅटिसन याच्याविरुद्ध काही विद्यार्थ्यांनी कल्लोळ केला आणि कौन्सिलने त्याला काढून टाकले. काढताना मात्र असे नमूद केले की, त्याच्या चारित्र्याविषयी वा विद्येविषयी आमचे काही म्हणणे नाही. ज्याच्याविरुद्ध काहीच म्हणणे नाही त्याला काढावयाचे कशासाठी? डी मॉर्गनचे म्हणणे असे की, कारण न देता प्राध्यापकास दूर करण्याचा अधिकार जर कौन्सिल वापरू लागले, तर कोणताही स्वाभिमानी मनुष्य तेथे शिकवू शकणार नाही. जुलै १८३१ मध्ये तो बाहेर पडला. कचेरीच्या कामकाजाची ज्यांना सवय आहे त्यांना हे चांगले समजेल. दुसऱ्याच्या बडतर्फीसाठी स्वतःची जागा सोडणारी माणसे फार थोडी असतात; आणि ती जागा उदरनिर्वाहाची असेल तर आणखी थोडी.

पुढील पाच वर्षे त्याने खाजगी शिकवण्या, विमा कंपन्यांना हिशेबांचा सल्ला आणि लेखन यांवर काढली. लोकोपयोगी ज्ञानाचा प्रसार करणाऱ्या एका मंडळीने 'पेनी सायक्लोपीडिया' नावाचा स्वस्त ज्ञानकोश काढला होता. त्यात डी मॉर्गनने शेकडो लेख लिहिले. आज गणितात ज्या सिद्धतापद्धतीला 'गणिती विगमन' म्हणतात तिचे इंग्रजी नाव रूढ झाले ते १८३८ साली त्याने या कोशात लिहिलेल्या लेखामुळे. ऑक्टोबर १८३६ मध्ये त्याच्या जागी आलेला प्राध्यापक समुद्रात बुडून मरण पावला. वर्ग अर्ध्यावर अडले होते. डी मॉर्गनने आपण होऊन मदत देऊ केली. प्राध्यापकांच्या बाबतीतले नियमही मध्यंतरी सुधारले होते. तो पुन्हा आपल्या खुर्चीवर बसला आणि तेथेच तीस वर्षे राहिला.

पुढच्याच वर्षी, १८३७ साली, त्याने सोफिया फ्रेंड हिच्याशी विवाह केला. तिचे वडील विल्यम फ्रेंड यांना धर्मविषयक एका पत्रकाबद्दल १७९३ साली केंब्रिजमधून हद्दपार करण्यात आले होते. म्हणजे सासरे व जावई दोघेही एकाच उंबरठ्यावर अडखळलेले. गंमत अशी की, हे सासरे ऋण संख्या मानीत नसत! शून्याहून लहान काही असूच शकत नाही, असे त्यांचे ठाम मत. आणि जावई तर बीजगणिताच्या चिन्हांना हवा तो अर्थ देता येतो, असे म्हणणाऱ्यांपैकी. तरी दोघांचा स्नेह शेवटपर्यंत उत्तम राहिला.

शिक्षक म्हणून त्याची कीर्ती फार मोठी होती. व्याख्यान सव्वा तासाचे. शेवटी उदाहरणे द्यावयाची, विद्यार्थ्यांनी सोडवून आणावयाची, आणि पुढील व्याख्यानापूर्वी तपासून परत करावयाची, असा शिरस्ता. सूत्र पाठ करून उत्तर काढणाऱ्याचे त्याला कौतुक नसे. सूत्र का खरे आहे हे विचारले जाई. त्याच्या हाताखालून वॉल्टर बॅजट, अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स, टॉडहंटर, राउथ अशी माणसे बाहेर पडली. सिल्व्हेस्टर हा ज्यू मुलगा चौदाव्या वर्षी त्याच्या वर्गात बसला होता. हाच सिल्व्हेस्टर पुढे केंब्रिजच्या परीक्षेत दुसरा आला, पण धर्मामुळे त्याला तेथील पदवी मिळाली नाही. एडा लव्हलेस हिला त्याने पत्रांतून गणित शिकविले. १८५२ साली फ्रेडरिक गथ्री या विद्यार्थ्याने आपल्या भावाची एक शंका त्याच्यापुढे मांडली: कोणताही नकाशा, शेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग न येईल अशा रीतीने, चार रंगांत रंगविता येतो काय? डी मॉर्गनने त्याच दिवशी ती शंका डब्लिनच्या विल्यम रोवन हॅमिल्टनला पत्राने कळविली. तिचे उत्तर मिळण्यास १९७६ साल उजाडावे लागले, आणि तेही संगणकाच्या साहाय्याने.

आता तर्कशास्त्राकडे वळू. युरोपात अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेले तर्कशास्त्र म्हणजे त्रि-अवयवी अनुमान. आपल्याकडील नैयायिक पर्वतावरील धुरावरून अग्नी सिद्ध करीत; तिकडे सर्व माणसे मर्त्य म्हणून सॉक्रेटिस मर्त्य. दोन हजार वर्षे हा गाडा एकाच चाकोरीतून चालला होता, आणि त्यात आता काही नवे करावयाचे उरलेले नाही असे मोठमोठ्या तत्त्वज्ञांचेही मत होते. डी मॉर्गनला गणिताच्या सिद्धता शिकविताना असे दिसले की, त्यांतील पुष्कळ पायऱ्या या चाकोरीत बसतच नाहीत.

त्याचे एक साधे उदाहरण पाहा. मनुष्य हा प्राणी आहे; म्हणून मनुष्याचे डोके हे प्राण्याचे डोके आहे. हे लहान मुलालाही पटते. पण अ‍ॅरिस्टॉटलच्या नियमांनी हे सिद्ध करून दाखवा, असे आव्हान त्याने दिले, आणि ते करता येत नाही. कारण येथे नुसते वर्ग नाहीत, 'अमक्याचे तमके' हा संबंध आहे. १८६० साली त्याने संबंधांच्या तर्कशास्त्रावर निबंध वाचला: दोन संबंध जोडले की तिसरा कसा होतो, संबंध उलटा केला की काय होते, याचे नियम त्यात आले. आपल्या घरातली नाती हे याचे उत्तम उदाहरण होय. 'आई' आणि 'भाऊ' हे संबंध जोडले की मामा होतो, 'वडील' आणि 'भाऊ' जोडले की काका. मामा उलटा केला की भाचा किंवा भाची. इंग्रजीत मामा, काका, आत्याचा नवरा आणि मावशीचा नवरा या सर्वांस एकच शब्द. संबंधांचा हिशेब ज्या भाषेत एवढा विस्कळीत, त्या भाषेत हे शास्त्र प्रथम लिहिले जावे याची मौज वाटते. पुढे अमेरिकेत चार्ल्स पर्स याने आणि जर्मनीत श्रोडर याने त्यावर मोठी इमारत उभारली.

दुसरे उदाहरण संख्यांचे. एखाद्या गावात शंभर घरे आहेत. साठ घरांत विहीर आहे आणि सत्तर घरांत गोठा आहे. तर कमीत कमी तीस घरांत दोन्ही असलीच पाहिजेत. हे अनुमान अगदी निर्दोष आहे. पण जुने तर्कशास्त्र 'सर्व', 'काही' आणि 'एकही नाही' यांपलीकडे मोजणेच जाणत नव्हते. डी मॉर्गनने संख्येला तर्कात जागा दिली.

आणि ते प्रसिद्ध नियम? ते इतके सोपे आहेत की त्यांना नियम म्हणण्याचा संकोच वाटावा. एखाद्या जागेसाठी उमेदवार पदवीधर असावा आणि त्याला मराठी लिहिता-वाचता यावे, अशा दोन अटी आहेत असे समजा. 'त्याने दोन्ही अटी पुऱ्या केलेल्या नाहीत' एवढेच जर आपण म्हटले, तर त्याचा अर्थ इतकाच की, तो पदवीधर नाही किंवा त्याला मराठी येत नाही; निदान एक उणीव आहे. 'त्याने एकही अट पुरी केलेली नाही' हे विधान निराळे. तेथे दोन्ही उणिवा एकदम आल्या. 'आणि'चा नकार केला की 'किंवा' होतो आणि 'किंवा'चा नकार केला की 'आणि' होतो, हे ते नियम. मध्ययुगीन पंडितांना ते शब्दांत ठाऊक होते. डी मॉर्गनने त्यांना चिन्हांच्या शास्त्रात बसविले. सरकारी नियमांचे अर्थ लावताना या दोन विधानांची गल्लत किती होते, हे सांगू लागलो तर आजचे भाषण त्यातच संपेल.

या विषयावरचा त्याचा मुख्य ग्रंथ नोव्हेंबर १८४७ मध्ये निघाला. त्याच महिन्यात जॉर्ज बूल याची तर्काचे गणिती विश्लेषण करणारी छोटी पुस्तिकाही बाहेर पडली. लिंकनच्या एका चांभाराचा मुलगा, कोणतीही पदवी नसलेला बूल आणि लंडनचा प्राध्यापक यांच्यात प्रतिस्पर्धा सहज निर्माण होऊ शकली असती. घडले ते उलटच. डी मॉर्गनने बूलसाठी शिफारसपत्र लिहिले, आणि १८४९ साली बूल कॉर्क येथील नव्या महाविद्यालयात प्राध्यापक झाला. दोघांचा पत्रव्यवहार बूलच्या मृत्यूपर्यंत चालू होता. याउलट एडिंबरोचा तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन याने (डब्लिनचा हॅमिल्टन तो निराळा) डी मॉर्गनवर वाङ्मयचौर्याचा आरोप केला. आरोप पुढे मागे घ्यावा लागला, पण वाद पुष्कळ वर्षे चालला. गणितास तुच्छ लेखणारा हा तत्त्वज्ञ आपल्या भांडणाने तर्कशास्त्रात गणिताचा प्रवेश सुकर करून गेला, कारण त्या वादानेच बूलला लेखणी उचलण्याची प्रेरणा झाली.

बूलची पत्नी मेरी ही हिंदुस्थानचा सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट याची पुतणी. तिने पुढे १९०१ साली असे लिहिले की, बूल व डी मॉर्गन यांच्या विचारांना भारतीय तत्त्वज्ञानाची प्रेरणा होती. आपल्या कानांना हे गोड लागते. परंतु त्यांच्या ग्रंथांत न्यायदर्शनाचा ठसा मला तरी दिसत नाही, आणि केवळ गोड लागते म्हणून ते मान्य करू नये. खरा दुवा दुसरा आहे, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो.

दिल्ली कॉलेजात मास्टर रामचंद्र नावाचे गणिताचे शिक्षक होते. पानिपत येथे १८२१ साली त्यांचा जन्म झाला. महत्तम व लघुतम मूल्यांचे प्रश्न कलनशास्त्र न वापरता केवळ बीजगणिताने कसे सोडवावेत, यावर त्यांनी एक ग्रंथ रचला आणि १८५० साली स्वखर्चाने कलकत्त्यास छापला. तेथील परीक्षकांनी त्याची उपेक्षा केली, काहींनी टिंगलही केली. बेथून साहेबांनी त्याची एक प्रत डी मॉर्गनकडे पाठविली. त्याने ती वाचली आणि कंपनीच्या संचालकांना लिहिले की, या मनुष्याचा गौरव झाला पाहिजे. रामचंद्रांना मानाची वस्त्रे व रोख पारितोषिक मिळाले, आणि १८५९ साली डी मॉर्गनच्या देखरेखीखाली ग्रंथाची लंडन आवृत्ती निघाली. सत्तावन्नच्या आगीनंतर अवघ्या दोन वर्षांनी, हिंदी माणसाविषयी विलायतेत संताप धुमसत असताना, त्याने त्या ग्रंथास प्रस्तावना लिहिली. प्राचीन काळी ग्रीस व हिंदुस्थान या दोनच देशांत स्वयंभू चिंतन उपजले. भास्कराचार्यांचे बीजगणित ज्या भूमीत निर्माण झाले तेथे विद्येचे पुनरुज्जीवन तिच्याच वळणाने व्हावे, उसन्या इंग्रजी वळणाने नव्हे, असा तिचा आशय आहे. त्या प्रस्तावनेत वडीलकीचा सूर आहे, हे नाकारता येत नाही. पण त्या वर्षी तो सूर काढणारे तरी किती होते?

खुद्द मराठीशीही त्याचा संबंध येतो. मुंबई इलाख्यात मराठी शालेय पुस्तकांसाठी झटणारे कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांनी त्याच्या अंकगणितावरील पुस्तकाचे मराठी भाषांतर शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गेल्या शतकापूर्वीच्या शतकात, १८५० च्या सुमारास, सिद्ध केले. म्हणजे आपल्या पणजोबांच्या आधीच्या पिढीतील काही मुले, नाव ठाऊक नसताना, डी मॉर्गनचीच शिष्य होती.

दुसरा राजीनामा १८६६ सालचा. महाविद्यालयात मनाचे तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र यांच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली. उमेदवारांत जेम्स मार्टिनो हा सर्वांत प्रसिद्ध होता. पण तो युनिटेरियन पंथाचा धर्मोपदेशक होता. ग्रीसचा इतिहासकार जॉर्ज ग्रोट याने कौन्सिलमध्ये त्याला विरोध केला. ग्रोटचा पक्ष अगदीच पोकळ नव्हता. तो म्हणे, संस्था धर्मनिरपेक्ष आहे; एका विशिष्ट पंथाचा नामांकित उपदेशक तत्त्वज्ञानाच्या पीठावर बसविला तर ती निरपेक्षता लोकांना संशयास्पद वाटेल. शेवटी क्रूम रॉबर्टसन या तरुणाची नेमणूक झाली.

डी मॉर्गनचे उत्तर तर्कपंडिताला शोभणारे होते. निरपेक्षता याचा अर्थ धर्म न विचारणे. एखाद्याचा धर्म लोकांना फार ठाऊक आहे म्हणून त्याला वगळले, तर तो विचारलाच गेला. फक्त सहीच्या जागी नकार आला. ज्या अटीमुळे आपण केंब्रिज सोडले तीच अट पाठ फिरवून उलट्या तोंडाने येथे शिरली आहे, असे त्याला दिसले. मार्टिनोच्या मतांशी त्याला कर्तव्य नव्हते. आपल्या संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत धर्मावरून भेद करण्यास मनाई केली आहे. तो अनुच्छेद वाचताना ग्रोट आणि डी मॉर्गन यांचा हा वाद आठवतो, कारण निरपेक्षतेच्या नावाने होणारा भेद ओळखणे हे उघड भेद ओळखण्यापेक्षा अवघड काम आहे. मला स्वतःला डी मॉर्गनचा पक्ष बरोबर वाटतो. परंतु ग्रोट हा या महाविद्यालयाच्या संस्थापकांच्या वर्तुळातला, आयुष्यभर उदारमताची बाजू लढविलेला मनुष्य होता, हे विसरून चालणार नाही. दोन प्रामाणिक माणसांत एकाच तत्त्वाच्या अर्थावरून हा झगडा झाला.

साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या प्राध्यापकाने नोव्हेंबर १८६६ मध्ये पत्र पाठविले आणि सत्र संपताच तो निघून गेला. शिष्यांना त्याची प्रतिकृती महाविद्यालयात लावावयाची होती. त्याने नकार दिला. ज्या महाविद्यालयाची आपण सेवा केली ते आता उरलेले नाही, असे कळविले. मानसन्मानांच्या बाबतीत तो असाच विक्षिप्त होता. रॉयल सोसायटीचे सभासदत्व त्याने कधी घेतले नाही, एडिंबरोची सन्माननीय पदवी नाकारली, निवडणुकीत मत दिले नाही. आपले वय विचारणाऱ्याला तो कोडे घाली: माझ्या वयाचा वर्ग केला की जे साल येते त्या साली मी तेवढ्या वयाचा होतो. त्रेचाळीसचा वर्ग १८४९. हिशेब श्रोत्यांनी करून पाहावा.

एक मान मात्र त्याने स्वीकारला. त्याचा मुलगा जॉर्ज आणि त्याचा मित्र रॅन्यार्ड यांनी गणिताची एक मंडळी काढण्याचे ठरविले. १६ जानेवारी १८६५ रोजी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीची पहिली सभा भरली, तिचा पहिला अध्यक्ष डी मॉर्गन. महाविद्यालयातील मुलांच्या या मंडळीची पुढे जगातील अग्रगण्य गणितसंस्थांत गणना झाली. पण जॉर्ज १८६७ साली तरुणपणीच गेला, आणि त्या धक्क्यातून वडील सावरले नाहीत.

१८ मार्च १८७१ रोजी डी मॉर्गनचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी, जून १८७१ मध्ये, पार्लमेंटने कायदा करून ऑक्सफर्ड, केंब्रिज व डरहॅम येथील पदव्यांवरची आणि बहुतेक जागांवरची धर्ममताची अट काढून टाकली. पुढल्याच वर्षी सिल्व्हेस्टरला केंब्रिजने पदवी दिली. तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता.

डी मॉर्गनने आपल्या मर्यादित मिळकतीतून तीन हजारांच्या आसपास पुस्तके जमविली होती. त्यांतली पुष्कळशी जुन्या बाजारात थोड्या पैशांत घेतलेली. आणि बहुतेकांत त्याने स्वतःच्या हाताने टिपणे, कोट्या, कात्रणे घालून ठेवलेली. लॉर्ड ओव्हरस्टोन याने तो संग्रह विकत घेऊन लंडन विद्यापीठास दिला. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील आपली विद्यापीठे ज्या नमुन्यावर उभी राहिली, ते हेच लंडन विद्यापीठ. तेथील सेनेट हाउसच्या ग्रंथालयात ती पुस्तके आजही वाचावयास मिळतात.